वाचकांचे प्रश्न : न्यूझीलंडच्या समुद्रातील तेल आणि त्यावरची सरकारी देखरेख

न्यूझीलंडच्या संसदेने ३१ जुलै २०२५ रोजी समुद्रातील तेल आणि नैसर्गिक वायूच्या नव्या शोधपरवान्यांवरची २०१८ पासूनची बंदी उठवली, ही बातमी आम्ही गेल्या अंकात चार ओळींत दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांत बंदी योग्य होती की अयोग्य, एवढेच विचारलेले नाही. समुद्राच्या तळाखालचे तेल मुळात कोणाचे, ते शोधण्याची परवानगी कोण देते आणि परवानगी देणाऱ्यावर लक्ष कोण ठेवते, असे मुळाशी जाणारे प्रश्न बऱ्याच वाचकांनी केले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : न्यूझीलंड म्हटले की कुरणे आणि मेंढ्या आठवतात. तेथे तेल आहे हे प्रथमच कळले. हा शोध कधीपासून चालू आहे?

उत्तर : बराच जुना आहे. उत्तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर तारानाकी नावाचा प्रदेश आहे. तेथील न्यू प्लिमथ गावालगत मोतुरोआच्या किनाऱ्यावर तेलाचा तवंग आणि वायूचे बुडबुडे लोकांच्या नजरेस पडत असत, आणि त्याच खुणेवर १८६५ मध्ये तेथे विहीर खणायला घेतली गेली. अमेरिकेत एडविन ड्रेक यांना पेनसिल्व्हेनियात तेल लागले ते १८५९ साली. म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाच्या या वसाहतीने त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत हात घातला होता. मोतुरोआला तेल निघाले, पण थोडेच. खऱ्या अर्थाने मोठा साठा सापडायला १९५९ साल उजाडावे लागले. तारानाकीतच, जमिनीवर, कापुनी येथे वायू आणि हलके तेल लागले आणि मग शोध घेणाऱ्यांची नजर समुद्राकडे वळली. देशाचे अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे ज्यातील संपत्तीवर त्याचाच हक्क असतो तो भोवतालचा समुद्र, सुमारे ४० लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जमिनीच्या जवळजवळ पंधरा पट. एवढ्या पाण्याखाली गाळाची अनेक खोरी असूनही व्यापारी उत्पादन आजवर एकाच खोऱ्यातून झाले आहे, आणि ते तारानाकीचे.

प्रश्न : जमीन एकाची आणि तिच्याखालचे तेल सरकारचे, हे तेथे कसे झाले? माओरी समाजाने ते मान्य केले का?

उत्तर : हे १९३७ च्या पेट्रोलियम कायद्याने झाले. पंतप्रधान मायकेल जोसेफ सॅव्हेज यांच्या लेबर सरकारने त्या कायद्यान्वये देशातील सर्व खनिज तेल आणि नैसर्गिक वायू राजसत्तेच्या, म्हणजे व्यवहारात सरकारच्या, मालकीचा केला. वरची जमीन कोणाची आहे याचा त्या मालकीशी संबंध उरला नाही, आणि जमीनमालकांना भरपाई किंवा उत्पन्नातील वाटाही ठेवला गेला नाही. सरकारचे म्हणणे असे होते की, तेलाचा साठा शेताच्या बांधापाशी थांबत नाही. शेकडो मालकांशी वेगवेगळे करार करत बसावे लागले तर कोणतीही कंपनी मोठे भांडवल घालायला पुढे येणार नाही. या युक्तिवादात तथ्य होते, हे नाकारता येणार नाही.

परंतु न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरींच्या दृष्टीने प्रश्न निराळा होता. १८४० च्या वाइतांगी तहात त्यांच्या जमिनी आणि त्यांची संपत्ती यांवरील हक्क अबाधित राखण्याचे वचन ब्रिटिश राजसत्तेने दिले होते. शिवाय तारानाकीतील बरीचशी माओरी जमीन एकोणिसाव्या शतकात सरकारने सक्तीने जप्त केली होती, तेव्हा जे काही हाती उरले होते त्याच्या पोटातील तेलही आता जाणार होते. माओरी खासदार सर आपिराना न्गाता यांनी संसदेत हा मुद्दा मांडला आणि माओरी जमीनमालकांना स्वामित्वधनाचा, म्हणजे काढलेल्या तेलावर मालकाला मिळणाऱ्या रकमेचा (रॉयल्टीचा), वाटा मिळावा अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही. तहाच्या भंगाच्या तक्रारी ऐकणाऱ्या वाइतांगी न्यायाधिकरणाने २००३ मध्ये, म्हणजे साठाहून अधिक वर्षांनी, पेट्रोलियमविषयीचा आपला अहवाल दिला आणि भरपाई न देता हक्क काढून घेतल्यामुळे माओरींचा या संपत्तीत तहानुसार हितसंबंध निर्माण होतो, असा निष्कर्ष काढला. तत्कालीन सरकारने तो स्वीकारला नाही. न्यायाधिकरणाच्या शिफारशी सर्वसाधारणपणे सरकारवर बंधनकारक नसतात. याच न्यायाधिकरणाने २०११ मध्ये दुसरा अहवाल देऊन परवाने देण्याच्या आणि देखरेखीच्या पद्धतीत माओरींचे म्हणणे पुरेसे ऐकले जात नाही, असे स्पष्टपणे नोंदवले. एकसंध मालकी सोयीची होती म्हणून भरपाई नाकारणेही योग्य ठरते, असे आम्हांला वाटत नाही. सोय आणि न्याय या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि १९३७ मध्ये दुसरीचा विचारच झाला नाही.

समुद्रापुरते सांगायचे तर १९६४ च्या भूखंडमंच कायद्याने ही सरकारी मालकी किनाऱ्यापलीकडच्या समुद्रबूड जमिनीपर्यंत नेली.

प्रश्न : समुद्रातील पहिला मोठा साठा कोणता? त्यात सरकार स्वतः भागीदार होते असे वाचले, ते खरे आहे का?

उत्तर : खरे आहे, आणि न्यूझीलंडचा सगळा ऊर्जा-इतिहास समजून घ्यायचा असेल तर हा भाग सविस्तर पाहिला पाहिजे.

शेल, बीपी आणि टॉड या तीन कंपन्यांच्या गटाला १९६९ मध्ये तारानाकीच्या किनाऱ्यापासून सुमारे ३५ किलोमीटरवर, ११० मीटर खोल पाण्याखाली, माऊई हे वायुक्षेत्र सापडले. त्या काळी समुद्रातील मोठ्या वायुक्षेत्रांत त्याची गणना होत असे. पण एवढा वायू घेणार कोण? देश लहान, लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, आणि वायू जहाजात भरून परदेशी पाठवण्याची सोय नाही. गिऱ्हाईक पक्के असल्याशिवाय कंपन्या समुद्रात एवढा मोठा प्लॅटफॉर्म उभारायला तयार नव्हत्या. तेव्हा १९७३ मध्ये सरकारने दोन गोष्टी एकदम केल्या. एक तर क्षेत्रात निम्मी भागीदारी घेतली, आणि दुसरे म्हणजे पुढची अनेक वर्षे ठरलेला वायू ठरलेल्या भावाने विकत घेण्याचा करार केला. या कराराची अट अशी होती की, सरकारने वायू उचलला नाही तरी त्याचे पैसे द्यायचेच.

उत्पादन १९७९ मध्ये सुरू झाले. तोवर इराणमधील क्रांतीमुळे जगभर तेलाचे भाव भडकले होते आणि पैसे दिलेला वायू वापरायचा कसा, ही चिंता सरकारपुढे होती. रॉबर्ट मल्डून यांच्या नॅशनल पक्षाच्या सरकारने मोठमोठ्या प्रकल्पांचा धडाका लावला. वायूवर वीजकेंद्रे चालली, युरिया आणि मिथेनॉल बनू लागले, मोटारी दाबाखालच्या वायूवर धावू लागल्या, आणि मोतुनुई येथे नैसर्गिक वायूपासून मिथेनॉल व मिथेनॉलपासून थेट पेट्रोल करणारा कारखाना उभा राहिला. देशाच्या पेट्रोलच्या गरजेपैकी सुमारे एक तृतीयांश तेथून भागावी, अशी त्याची क्षमता होती. तंत्राच्या दृष्टीने ते मोठेच काम होते. पण कारखाना पूर्ण क्षमतेने चालू लागतो न लागतो तोच १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले, वायूपासून केलेले पेट्रोल आयात पेट्रोलपेक्षा महाग पडू लागले आणि पुढे तो कारखाना केवळ मिथेनॉल करू लागला. सरकारची भागीदारी पेट्रोकॉर्प या सरकारी कंपनीकडे होती. ती कंपनी १९८८ मध्ये फ्लेचर चॅलेंज या खाजगी उद्योगाला विकण्यात आली.

मधल्या वर्षांत झालेला एक परिणाम मात्र आकड्यांत दिसत नाही. माऊईचा वायू इतका मुबलक आणि स्वस्त होता की नवे साठे शोधण्याची घाई कोणालाच उरली नाही. २००३ मध्ये माऊईत उरलेल्या साठ्याचा फेरअंदाज झाला आणि तो आधीच्या समजुतीपेक्षा बराच कमी निघाला, तेव्हा सगळ्यांची धावपळ उडाली. सुदैवाने पोहोकुरा हे क्षेत्र २००० मध्ये सापडले होते, ते २००६ मध्ये चालू झाले; टुई हे तेलक्षेत्र २००७ मध्ये, तर १९८६ मध्ये सापडलेले कुपे २००९ मध्ये.

प्रश्न : परवाना मिळवण्याची रीत काय आहे? सरकारला त्यातून नेमके किती मिळते?

उत्तर : १९९१ च्या क्राउन मिनरल्स कायद्यानुसार परवाने दिले जातात. व्यवसाय, नवोपक्रम व रोजगार मंत्रालयातील ‘न्यूझीलंड पेट्रोलियम अँड मिनरल्स’ ही शाखा हे काम पाहते. शोधपरवाना जास्तीत जास्त पंधरा वर्षांचा असतो. त्याच्याबरोबर कामाचा कार्यक्रम जोडलेला असतो : अमुक मुदतीत अभ्यास, अमुक मुदतीत सर्वेक्षण आणि त्यानंतर एक ठरलेला दिवस, ज्या दिवसापर्यंत कंपनीने विहीर खणण्याचे पक्के करायचे किंवा क्षेत्र परत करायचे. क्षेत्र अडवून नुसते बसून राहता येऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. परवान्याखाली गोळा केलेली भूगर्भाची माहिती सरकारकडे जमा करावी लागते आणि ठराविक वर्षांनी ती सर्वांना खुली होते, ही तरतूद आम्हांला विशेष चांगली वाटते, कारण कोरड्या निघालेल्या विहिरीचेही ज्ञान त्यामुळे देशाकडे राहते.

स्वामित्वधनाची सर्वसाधारण पद्धत अशी की, विक्रीच्या ५ टक्के किंवा हिशेबी नफ्याच्या २० टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती द्यायची. समजा शंभर डॉलरच्या विक्रीवर दहा डॉलर नफा झाला, तर नफ्याचे २० टक्के दोनच डॉलर होतात, म्हणून कंपनीने पाच डॉलर द्यायचे. नफा चाळीस डॉलर असेल तर आठ द्यायचे. कंपनीवरचा आयकर याशिवाय. २००४ नंतर माऊई आटू लागल्यावर शोध वाढावा म्हणून काही वर्षे या दरांत सवलतही दिली गेली होती, आणि सरकारने स्वतःच्या खर्चाने समुद्रात भूकंपीय सर्वेक्षणे करवून ती माहिती कंपन्यांपुढे ठेवली होती. मालकही सरकार, दलालही सरकार आणि फौजदारही सरकार, अशी ही स्थिती आहे. पुढच्या उत्तरात तिचाच विचार करायचा आहे.

प्रश्न : समुद्रात चाललेल्या कामावर प्रत्यक्ष देखरेख कोण करते? अपघात किंवा प्रदूषण होऊ नये यासाठी काय व्यवस्था आहे?

उत्तर : व्यवस्था एका हाती नाही. परवाना मंत्रालयाची शाखा देते. कामगारांची सुरक्षितता आणि विहिरीचा भक्कमपणा वर्कसेफ ही संस्था पाहते. तेलगळतीला तोंड देण्याची तयारी मेरिटाइम न्यूझीलंडकडे आहे. पर्यावरणाची बाब किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक परिषदेकडे आणि त्यापलीकडे पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाकडे, तर देवमासे आणि डॉल्फिन यांची काळजी संवर्धन खात्याकडे.

कागदावर ही वाटणी नीटनेटकी दिसते. पण ती कधी झाली हे पाहिले की चित्र बदलते. १२ सागरी मैलांच्या पलीकडच्या समुद्रासाठी सर्वंकष पर्यावरण कायदा न्यूझीलंडने केला तो २०१२ मध्ये, आणि तो अमलात आला २०१३ मध्ये. माऊईचे उत्पादन सुरू होऊन तोवर चौतीस वर्षे उलटली होती. सुरक्षिततेचीही तीच कथा आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये पाइक रिव्हर येथील कोळसा खाणीत स्फोट होऊन २९ माणसे मरण पावली. चौकशीत सरकारी खाण-निरीक्षण किती दुबळे झाले होते हे उघड झाले. त्याच वर्षी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खणणाऱ्या तरंगत्या मंचावर स्फोट झाला होता. या धक्क्यांनंतर धोकादायक उद्योगांसाठी वेगळे निरीक्षक पथक आणि २०१३ च्या अखेरीस वर्कसेफ ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. आता प्लॅटफॉर्म किंवा खोदजहाज चालवणाऱ्याला आपला सविस्तर सुरक्षा-आराखडा आधी सादर करावा लागतो आणि तो स्वीकारला गेल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. विहिरीचे आरेखन तिच्याशी हितसंबंध नसलेल्या जाणकाराकडून तपासून घ्यावे लागते. जे नियम आधी असायला हवे होते ते माणसे गेल्यावर आले, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

देखरेख प्रत्यक्षात कशी दिसते याचे एक उदाहरण देतो. भूकंपीय सर्वेक्षण करणारे जहाज आपल्या मागे किलोमीटरच्या किलोमीटर लांबीच्या, ध्वनिग्राहक बसवलेल्या तारा ओढत चालते आणि एअरगनमधून दर काही सेकंदांनी दाबलेल्या हवेचा आवाज पाण्यात सोडते. तळाखालच्या खडकांवरून परतलेल्या लहरींवरून भूगर्भाचा नकाशा तयार होतो. हा आवाज देवमाशांना आणि डॉल्फिनना त्रासदायक असतो, आणि तारानाकीच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर तर माऊई डॉल्फिन नावाची, जगात दुसरीकडे कोठेही नसलेली आणि नामशेष होण्याच्या काठावर आलेली पोटजात राहते. म्हणून संवर्धन खात्याच्या संहितेनुसार अशा जहाजावर प्रशिक्षित निरीक्षक असावे लागतात. काही जण दुर्बिणीने पृष्ठभाग न्याहाळतात, तर काही पाण्यातील ध्वनिग्राहकांवरून प्राण्यांचे आवाज ऐकतात. आवाज सुरू करण्याआधी आसपास प्राणी नाहीत याची खात्री करायची, मग आवाज एकदम न करता हळूहळू वाढवत न्यायचा, म्हणजे जवळपासच्या प्राण्यांना दूर जायला अवधी मिळेल. आणि संरक्षित जातीचा प्राणी ठरलेल्या अंतराच्या आत दिसला की एअरगन थांबवायच्या. जहाजाचे एका दिवसाचे भाडे फार मोठे असते, तरी असा थांबा निरीक्षकाच्या सांगण्यावरून घ्यावाच लागतो.

याच्या उलट, जनतेचे म्हणणे ऐकण्याच्या बाबतीत नियम मागे सरकले. २०१४ पासून शोधविहिरीसाठीचा अर्ज पर्यावरण प्राधिकरणाकडे जातो खरा, पण त्यावर जाहीर सूचना किंवा जाहीर सुनावणी होत नाही. उत्पादन सुरू करायचे असेल तर होते. डीपवॉटर होरायझनचा स्फोट झाला ती विहीर शोधविहीरच होती, हे लक्षात घेता आम्हांला ही सवलत समर्थनीय वाटत नाही.

प्रश्न : भर समुद्रात निदर्शने करणाऱ्यांविरुद्ध तेथे खास कायदा आहे म्हणतात. तो कशासाठी केला?

उत्तर : ब्राझीलच्या पेट्रोब्रास कंपनीला उत्तर बेटाच्या पूर्वेकडील राउकुमारा खोऱ्यात शोधपरवाना मिळाला होता. २०११ मध्ये सर्वेक्षणाचे जहाज आले तेव्हा त्या किनाऱ्यावरील ‘ते फानाऊ-आ-आपानुई’ या माओरी समुदायाने आणि पर्यावरणवाद्यांनी आपल्या बोटी समुद्रात नेऊन विरोध केला. त्या समुदायाच्या मासेमारी बोटीच्या कप्तानाला अटक झाली, नौदलाची जहाजे आणि पोलीस मध्ये पडले. कंपनीने २०१२ मध्ये परवाना परत केला. त्यानंतर, २०१३ मध्ये, क्राउन मिनरल्स कायद्यात दुरुस्ती होऊन काम चालू असलेल्या जहाजाभोवती किंवा प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरपर्यंतचा निषिद्ध पट्टा आखण्याची आणि त्यात शिरणाऱ्याला शिक्षा करण्याची तरतूद आली. त्या सुमारास अनाडार्को ही अमेरिकी कंपनी खोल समुद्रात विहिरी खणायला येत होती, म्हणून लोक या दुरुस्तीला तिच्याच नावाने ओळखतात. एवढी यातायात करून त्या कंपनीने खणलेल्या दोन्ही विहिरींत व्यापारी साठा लागला नाही.

याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली, तिची चर्चा मात्र कमी झाली : खनिजांच्या शोधाला आणि उत्खननाला चालना देणे हा कायद्याचा हेतू म्हणून लिहून ठेवला. २०२३ मध्ये लेबर सरकारने तो हेतू बदलून केवळ व्यवस्थापनापुरता ठेवला आणि २०२५ च्या कायद्याने चालना पुन्हा आणली. हा फरक अर्ज निकालात काढताना जाणवतो, कारण अधिकाऱ्याने कशाच्या बाजूने कौल द्यायचा हे कायद्याच्या हेतूवरून ठरते.

प्रश्न : २०१८ च्या बंदीमुळेच तेथे वायूची टंचाई झाली, असे म्हटले जाते. हे खरे मानावे का?

उत्तर : पूर्णपणे नाही. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी १२ एप्रिल २०१८ रोजी घोषणा केली आणि नोव्हेंबरमध्ये कायदा झाला. समुद्रात नवे शोधपरवाने द्यायचे नाहीत आणि जमिनीवर फक्त तारानाकीत द्यायचे, असा तो निर्णय होता. आधी दिलेले परवाने रद्द झाले नाहीत. त्या वेळी समुद्रातील २२ शोधपरवाने चालू होते आणि त्यांखाली सुमारे एक लाख चौरस किलोमीटर क्षेत्र होते. त्या क्षेत्रात शोध घेण्यास आणि तेल लागल्यास ते काढण्यास कोणतीही आडकाठी नव्हती.

आता टंचाईकडे पाहू. ऑगस्ट २०२४ मध्ये जलविद्युत तलावांत पाणी कमी होते, वारा पडला होता आणि चालू क्षेत्रांतून मिळणारा वायू अंदाजापेक्षा वेगाने घटला होता. विजेचे घाऊक भाव इतके चढले की मोतुनुईचा मिथेनॉल कारखाना काही आठवडे बंद ठेवून त्याचा वायू वीजनिर्मितीला देण्यात आला. रुआपेहू भागातील लगद्याचा कारखाना आणि लाकूड कापण्याची गिरणी तर कायमची बंद पडली आणि तेथील कामगारांची उपजीविका गेली. ही हानी खरी आहे. पण माऊई सापडल्यापासून उत्पादनापर्यंत दहा वर्षे गेली, पोहोकुराला सहा, कुपेला तेवीस. २०१८ नंतर परवाना मिळाला असता, २०१९ मध्ये सर्वेक्षण झाले असते आणि पहिल्याच विहिरीत साठा लागला असता, तरी त्याचा वायू २०२४ च्या हिवाळ्यात चुलीपर्यंत पोहोचणे जवळजवळ अशक्य होते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बंदीची घोषणा उद्योगाशी किंवा तारानाकीच्या लोकांशी फारशी चर्चा न करता झाली, आणि या देशात आता आपल्याला भवितव्य नाही अशी कंपन्यांची समजूत झाली. तशी समजूत झाल्यावर चालू क्षेत्रांत नव्या विहिरी खणण्यासाठी भांडवल घालायलाही त्या कचरतात. बंदीचा परिणाम झाला असेल तर तो या मार्गाने झाला असे म्हणता येईल. २०२५ मध्ये बंदी उठवणारे खनिजसंपत्तीमंत्री शेन जोन्स हे २०१८ च्या आघाडी सरकारातही मंत्री होते, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे.

प्रश्न : तेल संपल्यावर समुद्रातल्या विहिरींचे आणि प्लॅटफॉर्मचे काय करतात? कंपनी बुडाली तर खर्च कोणी करायचा?

उत्तर : आलेल्या पत्रांतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, असे आम्ही मानतो. परवाना देताना सरकारचे लक्ष तेल कधी निघेल याकडे असते. विहीर बुजवायची वेळ वीस-तीस वर्षांनी येते आणि तेव्हा मूळ कंपनी बहुधा क्षेत्र विकून निघून गेलेली असते.

टुई क्षेत्रात नेमके हेच घडले. किनाऱ्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर, उमुरोआ नावाच्या तरंगत्या उत्पादन-जहाजावरून तेथे २००७ पासून तेल काढले जात होते. क्षेत्र आटत आल्यावर २०१७ मध्ये ते टॅमरिंड या लहान कंपनीकडे गेले. २०१९ मध्ये तिने नव्या विहिरीचा केलेला प्रयत्न फसला आणि वर्षअखेर तारानाकीतील तिची शाखा दिवाळखोरीत निघाली. समुद्रात विहिरी, तळावर नळ्या आणि वर भाड्याचे जहाज, हे सगळे तसेच मागे राहिले, आणि आवराआवर करण्याची जबाबदारी सरकारवर आली.

ते काम कसे असते हे पाहण्यासारखे आहे. जहाज २०२१ मध्ये नांगर सोडवून नेण्यात आले. मग तळावरच्या लवचीक नळ्या, नियंत्रणाच्या तारा आणि नांगराच्या साखळ्या उचलून काढाव्या लागल्या. शेवटी विहिरी बुजवणारे खास जहाज परदेशातून आणावे लागले. विहिरीत खोलवर, तेल धरून ठेवणाऱ्या थराच्या वर, सिमेंटचा अडसर घालायचा, तो दाब देऊन तपासायचा, त्याच्यावर दुसरा घालायचा, आणि मग तळापाशी पोलादी नळी कापून विहिरीचे तोंड काढून घ्यायचे. पाण्याची खोली सव्वाशे मीटरच्या आसपास, समुद्र खवळलेला आणि योग्य हवामानाची वाट पाहण्यातही रोजचे भाडे चालूच. कोट्यवधी डॉलरचा हा भार करदात्यांनी उचलला.

या अनुभवानंतर २०२१ मध्ये कायदा झाला. त्यानुसार परवानाधारकाने विहिरी बुजवण्याची आर्थिक हमी द्यायची होती आणि क्षेत्र विकून गेलेल्या आधीच्या मालकावरही, नवा मालक बुडाल्यास, जबाबदारी परत येणार होती. म्हणजे थकलेले क्षेत्र दुबळ्या कंपनीच्या गळ्यात बांधून मोकळे होण्याची वाट बंद झाली होती. २०२५ च्या कायद्याने ही तरतूद सैल केली : आधीच्या मालकांपैकी कोणावर जबाबदारी टाकायची हे आता मंत्री ठरवणार. बंदी उठवण्याच्या गदारोळात या बदलाकडे थोड्यांचेच लक्ष गेले. आम्हांला तो बंदी उठवण्यापेक्षाही गंभीर वाटतो. कायद्याने आपोआप येणारी जबाबदारी आणि मंत्र्याच्या विवेकावर सोडलेली जबाबदारी यांत मोठे अंतर आहे, कारण ज्या कंपनीने पुढे आणखी गुंतवणूक करावी अशी मंत्र्याची इच्छा असते, तिच्याच माथी जुना खर्च मारण्याचा निर्णय त्याला घ्यायचा असतो. शिवाय कंपनीने स्वतः खर्च केला तरी तो हिशेबी नफ्यातून आणि करातून वजा होत असल्यामुळे त्याचा काही भाग सरकारी तिजोरीवर पडतोच.

प्रश्न : बंदी उठली, आता तेथे नवा साठा सापडेल का?

उत्तर : तारानाकीतील चालू क्षेत्रांच्या आसपास आणखी वायू मिळण्याचा संभव आहे. दूरच्या खोऱ्यांविषयी मात्र आजवरचा अनुभव उत्साह वाढवणारा नाही. दक्षिणेकडील ग्रेट साउथ खोऱ्यात १९७० च्या दशकापासून विहिरी खणल्या गेल्या, कोठे वायूच्या खुणाही मिळाल्या, पण व्यापारी उत्पादन झाले नाही. ऑस्ट्रियाच्या ओएमव्ही कंपनीने २०२० मध्ये तेथे खणलेली ताफाकी ही विहीरही कोरडी निघाली.

भूगर्भाइतकीच अडचण राजकारणाची आहे. न्यूझीलंडच्या संसदेची मुदत तीन वर्षांची, आणि एक क्षेत्र शोधून चालू करायला लागतात दहा वर्षे किंवा अधिक. २०२५ ची दुरुस्ती ६८ विरुद्ध ५४ मतांनी संमत झाली आणि विरोधी पक्षांनी तिला कसून विरोध केला, त्यामुळे सरकार बदलल्यावर धोरण टिकेल याची खात्री कोणतीही कंपनी धरू शकत नाही. याच कारणासाठी सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या वायुक्षेत्रांत स्वतः भागीदारी घेण्यासाठी चार वर्षांकरिता २० कोटी न्यूझीलंड डॉलर बाजूला काढले आहेत. पेट्रोकॉर्प विकल्यानंतर या धंद्यात सरकारने स्वतःचा पैसा घालण्याची तयारी पुन्हा दाखवली आहे. तेव्हा ज्या क्षेत्रात सरकारचा वाटा असेल त्या क्षेत्राच्या विहिरी बुजवण्याचा खर्च ठरवतानाही निर्णय मंत्र्यांच्याच हाती राहील.